उतरणीवरचा घोडेस्वार

नागपूरहून निघताना ह्यांनी फलाटावर उभं राहून शेवटचं विचारून घेतलं, "सिनेमा बघायला माणूस कोल्हापूरला जातो का गं?" मी म्हटलं, "माणूस अंबाबाईला जातो. सिनेमा आपला वाटेत लागतो." ह्यांना ते पटलं नाही, पण तेवढ्यात गाडी हलली.

खरी गोष्ट अशी की कोल्हापूरची माझी मामेबहीण कुसुम एका लग्नात भेटली होती, आणि बोलता बोलता म्हणाली होती की तिच्या घराजवळची टॉकीज मे महिन्यात आठवडाभर दुपारच्या खेळाला जुने मराठी चित्रपट लावते, रोज एक. त्यांत एक नाव तिने घेतलं आणि मी सुट्टीचा बेत तिथेच पक्का केला. तो घोड्यांचा, गडांचा, तलवारींचा चित्रपट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा आम्ही दोघांनी तो नागपूरला तीनदा पाहिला होता. नायक शत्रूला चकवायला गडाच्या उतरणीवर घोडा घालतो, घोडा कोसळतो, धुरळा उडतो, आणि नायक कपडे झटकत उठतो. त्या जागी ह्यांनी, आजच्या ह्या गंभीर माणसाने, डोक्यावरची टोपी हवेत उडवली होती.

त्या चित्रपटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. कोल्हापूर सोडायच्या आदल्या दिवशी मला एकाने तसं बजावलं, आणि बजावण्याचा त्याला अधिकार आहे.

कोल्हापूर मोठ्या आवाजाचं गाव आहे. इथे कुणी "बसा" म्हणालं तरी आपलं काही चुकलं का, असं वाटतं. पण पुढच्याच क्षणाला ताटात तिसरी भाकरी पडलेली असते. बायकासुद्धा "मी येतो, मी जातो" असं पुरुषासारखं बोलतात. आम्हा मास्तरणींचे कान टवकारतात, पण दोन दिवसांत सवय होते. संध्याकाळी कुसुमने मला दूधकट्ट्यावर नेलं. म्हशी रस्त्याच्या कडेलाच उभ्या, समोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. मी एक पेला कसाबसा संपवला, तर गवळी म्हणाला, "पावणं, एकावर कुटं भागतंय व्हय?"

या गावात सिनेमात काम न केलेला माणूस मिळणं कठीण. कुसुमचे यजमान एका चित्रपटात मावळे होते, तिसऱ्या रांगेत डावीकडून कितवे तरी. ते दिसायच्या आत पुढच्याचा भाला आडवा येतो, एवढीच अडचण.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही एक कौटुंबिक चित्रपट पाहिला. बायकांची बाकं वेगळी, वरच्या बाजूला होती. शेजारच्या म्हातारबाई पडद्यावर कुणी आलं की माझ्या दंडाला बोट लावून सांगत, "ह्यो बी गेला." थोड्या वेळाने, "ही बी गेली." शेवटच्या लग्नाच्या पंगतीत तर त्यांना बोट उचलायलाही उसंत मिळेना. मी हसले खरी, पण बाहेर आल्यावर उन्हात बरं वाटलं नाही.

माझा चित्रपट शेवटच्या दिवशी होता. आदल्या दिवशी मी एकटीच पन्हाळ्याला गेले, कारण त्याचं चित्रण तिथे झालं होतं आणि ती उतरण मला डोळ्यांनी बघायची होती. एस.टी.चा कंडक्टर विशी ओलांडलेला, कान बाहेर आलेला पोरगा होता. तिकीट देताना त्याने विचारलं, "एकट्याच? कुणाकडं?" मी मोठ्या हौसेने चित्रपटाचं नाव घेतलं. त्याने तिकिटाला चिमटा मारला आणि पुढच्या माणसाकडे वळला. उरलेल्या घाटात तो माझ्या बाकाकडे फिरकलाही नाही. मी मनात म्हटलं, आलीय मोठी ऐट.

वर आले तेव्हा वारा होता पण ऊन मी म्हणत होतं. तटाजवळच्या झाडाखाली एक बाई चूल मांडून झुणका-भाकर विकत होती. पन्नाशीच्या आतली, कपाळ मोकळं. भाकरीबरोबर तिने खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) वाढला. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि तिने न विचारता ताक पुढे केलं. अशा माणसाशी बोलावंसं वाटतंच.

"त्या सिनेमात घोडा कोसळतो ती उतरण कुठली हो?" मी विचारलं.

"ती व्हय? बुरुजाच्या पल्याडची."

"काय उडी आहे ती! नागपूरला लोक खुर्च्यांवर उभे राहायचे. आमच्या ह्यांनी तर टोपी उडवली होती."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "उडी न्हवती ती," ती म्हणाली. "पडला त्यो. घोड्याचा पाय मुडपला आन् घोडं त्याच्या अंगावरनं गेलं. दोन दीस जित्ता हुता. माजा मालक (नवरा) त्यो."

भाकरी तिने करपू दिली नाही. मी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला. पळून जावं तर ताक निम्मं उरलेलं.

मी शाळेत शिकवते, मासिकात लिहिते, एवढं सांगितल्यावर तिने मग स्वतःचं सांगितलं. तिचं नाव हौसाबाई. नवरा दत्तोबा, गडावर आलेल्या लोकांना घोड्यावरून फिरवून आणायचा. सिनेमावाले आले तेव्हा त्यांच्या नायकाला घोड्याची भीती वाटत होती, म्हणून दौडीपुरता दत्तोबाला नायकाचे कपडे घालून घोड्यावर बसवला. त्या सकाळी तो तसाच घरी येऊन तिला दाखवून गेला होता.

"मंदील, शेला, कमरंला तलवार. मी हसून हसून बेजार झालो. म्हटलं, आता राजासारकं जेवायला वाढू का? तर म्हनला, आलो माघारी की वाढ." ती चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाली. "तवा नामदेव पोटात हुता. मामंजींनी सांगितलं, त्या पडद्याचं तोंड बगायचं न्हाय ह्या घरानं. बगितलं न्हाय मग. आता मामंजी बी न्हाईत."

"मग उद्या चला ना," मी म्हटलं. "उद्या दुपारीच आहे."

तिने तवा खाली उतरवला. मग हळू आवाजात, त्या गावात पहिल्यांदाच मला हळू आवाज ऐकू आला, ती म्हणाली, "बाई, खरं सांगू? त्याचं तोंडच आटवत न्हाय मला. कापडं आटवत्यात. शेल्याची जर आटवती. तोंड आटवाय गेलं की पोराचंच म्होरं येतंय."

"फोटो नाही एकही?"

"फोटू कशाला काडायचा? मानूस घरातच हुतं की." मग तिने विचारलं, "तोंड दिसतंय का वो त्यात?"

"दिसतं की!" मी म्हटलं. "उतरणीवर घोडा घालण्याआधी मागे वळून बघतात ना, तेव्हा अख्खा पडदाभर दिसतं." तिला काहीतरी चांगलं सांगावं म्हणून मी इतकी उतावीळ झाले होते की विचार करायला सवडच घेतली नाही. हौसाबाईने पदराने तोंड पुसलं. "मग येतो मी," ती म्हणाली.

उतरण मी बघितली. तांबडी माती, करवंदीच्या जाळ्या, खाली शेतं. ती पडद्यावर वाटते त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. परतीच्या गाडीत माझ्या मनात पाल चुकचुकली. दत्तोबाला घोड्यावर बसवला तो नायकाच्या जागी. मग कॅमेरा त्याचं तोंड कशाला दाखवेल? पण ते वळून बघणं मला इतकं लख्ख आठवत होतं की मी स्वतःचीच समजूत घातली. एखाद्या वेळी दिसलं असेल. चुकून राहून गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर उभी होते. पन्हाळ्याची गाडी आली आणि दारातून तोच कालचा कंडक्टर उतरला. त्याच्या मागून हौसाबाई, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली. तो नामदेव होता. आईकडे न बघता तो मला म्हणाला, "सगळ्या जिल्ह्यानं शिट्ट्या मारून बगितलाय माजा बाप. ऱ्हायलीती ती आईच. न्या. पर मला काय बी सांगाय येऊ नगा."

रस्त्याने मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. हौसाबाई भराभर पुढे चालली होती. "वळून बगतोय म्हनलासा न्हवं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बघतात."

टॉकीज भरलेली होती. दिवे गेले, नायक पडद्यावर आला आणि हौसाबाईने माझा हात धरला. "हीच ती कापडं!" त्यानंतर ती नायकाकडे बघतच नव्हती, शेल्याकडे बघत होती. आणि ती उतरण जवळ आली तशी खालची पुरुषमंडळी आधीच सरसावून बसली. "आलं आलं!" कुणीतरी ओरडलं. गाव तो चित्रपट तोंडपाठ म्हणत होतं.

बुरुजाजवळ घोडा उभा. स्वार मागे वळतो. अख्खा पडदाभर तोंड. ते नायकाचं होतं. तेच सरळ नाक, तेच रंगवलेले ओठ, मागे हलतं ते स्टुडिओतलं कापडी आभाळ. पंचवीस वर्षांपूर्वीही ते तसंच असणार आणि मला ते दिसलं नव्हतं. लगेच पुढे लांबून घेतलेली उतरण, पाठमोरा एक स्वार, घोड्याचा पाय दुमडला, आणि धुरळा. टॉकीज फुटली. शिट्ट्या, बाकांवर हात, पडद्यावर चिल्लर. धुरळ्यातून नायक कपडे झटकत उठला आणि हसला.

"वन्स मोर! वन्स मोर!" खालून गजर सुरू झाला.

मी हौसाबाईचा दंड धरला. "चला, बाहेर जाऊ." तिने माझा हात झिडकारला. ती उठून उभी राहिली आणि त्या सगळ्या गजरावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "परत लाव की रं! परत लाव!"

खालचे चेकाळले. "मावशी बी म्हनत्यात! लाव रं!" आतल्या माणसाने चित्रपट थांबवला, दिवे लागले, रीळ मागे घेतलं गेलं. तेवढा वेळ ती उभीच होती. बसा म्हटलं तरी बसली नाही. एकदा तिने माझ्याकडे वळून नुसतं म्हटलं, "डोळं मिटलं गेलं असतील माजं." माझ्याने तिच्याकडे बघवेना.

पुन्हा तेच नाक, तेच कापडी आभाळ. पुन्हा ती पाठ, लहानशी, उन्हात हलणारी. पुन्हा धुरळा आणि शिट्ट्या. तिसऱ्यांदा लावायची मागणी झाली तेव्हा तिचा आवाज त्यात नव्हता. ती खाली बसली होती.

"पाटच हाय वो नुसती," ती म्हणाली. "पडला माजा, आन् उटला दुसराच."

"माझं चुकलं, हौसाबाई," मी म्हटलं. "मला त्या नायकाचंच तोंड आठवत होतं. चला आता."

"आता कुटं? आलोय तर बगू की शेवटपत्तुर. कापडं तरी हाईत." आणि ती शेवटपर्यंत बसली. शेवटी त्याच मंदिलात, त्याच शेल्यात त्या नायकाचं लग्न लागलं आणि लोकांनी अक्षता टाकल्या. माझ्या शेजारी तिचे डोळे कोरडे होते. रडले ते मी, आणि त्याची मला लाज वाटली.

स्टँडवर पन्हाळ्याची गाडी लागली होती. मी तिला खिडकीजवळ बसवून दिलं आणि खाली उतरून खिडकीशी उभी राहिले. नामदेव खालून बाक मोजत मोजत आला, आमच्या खिडकीशी थांबला आणि उगाच तिकिटांची पेटी चाचपू लागला. मला काही सांगू नका म्हणणारा पोरगा तो. शेवटी त्याच्याने राहवलं नाही.

"दिसला का?"

"दिसला की," हौसाबाई म्हणाली, चांगली ठणठणीत. "वळून बगितलं त्यानं. तुज्यावानीच हाय अगदी. मी म्हनत न्हवतो?"

तो माझ्याकडे वळला. "खरं का वो, बाई?"

हौसाबाई समोर बघत होती. पंचवीस वर्षं मी शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं आहे.

"खरं," मी म्हटलं. "कान तर अगदी तुमचेच."

त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. मग बहुधा ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हात खाली घेतला. "तुमी मासिकात लिव्हता म्हनं," तो म्हणाला. "लिव्हा. पर सिनेमाचं नाव घालू नगा. लोक परत बगाय जातील." त्याने गाडीत चढून घंटी मारली आणि गाडी निघाली. खिडकीत हौसाबाईने हात हलवला नाही. मीही हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी अंबाबाईची ओटी भरून मी परतीची गाडी धरली. कुसुमने वाटेत खायला भडंग दिलं होतं, ते तसंच नागपूरला पोचलं. ह्यांनी स्टेशनवरच ट्रंक उचलता उचलता विचारलं, "काय मग? सिनेमा अजून तसाच आहे का?"

"तसाच आहे," मी म्हटलं. "त्यात एक माणूस मरतो. तुम्ही टोपी उडवलीत ना, तिथेच."