खंडोजींच्या हातची टाळू

बंगळुरात कवळ्या करणारे पुष्कळ, पण माणसाची टाळू घडवावी ती खंडोजींनीच, हे छातीठोकपणे सांगायला हरकत नाही.

वरच्या जबड्यात किंवा गालामागच्या पोकळीत गाठ झाली की खंडोजींच्या हॉस्पिटलातले डॉक्टर गुरुराज दोन वाटांनी आत शिरत. गाठ लहान असली तर वरचा ओठ उचलून तोंडातूनच. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. मोठी असली तर ओठ चिरून, नाकाच्या कडेने डोळ्याखालपर्यंत छेद घ्यायचा, गाल पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा आणि अर्धा जबडा काढायचा. जीव वाचे, पण टाळूला भोक पडून तोंड आणि नाक एक होई. प्यालेलं नाकातून येई. ते भोक बुजवणारी प्लेट करायचं काम खंडोजींचं. ते आधीच तोंडाचा ठसा घेऊन प्लास्टरचा जबडा करत, डॉक्टर त्यावर कापायची रेघ ओढत. खंडोजी मॅट्रिक नापास, पण रेघ ओढताना डॉक्टरच त्यांना विचारत, "बरोबर का?"

एकसष्ट साली बसवनगुडीच्या सोयराबाईंचा डावा जबडा काढला. प्लेट चपखल बसली. हॉस्पिटलच्या कपाने घोट घोट पाणी पिऊन दाखवून त्या घरी गेल्या, आणि दीड महिन्यात वाळून काडी झाल्या. विचारलं तर बोलत नाहीत. जखमेच्या आतला एक कोपराही लालसर दिसत होता. गाठ मागे राहिली असेल, पुन्हा गाल उघडायला हवा, असं डॉक्टर म्हणाले. सोमवार ठरला.

खंडोजींना चैन पडेना. रविवारी सकाळीच हत्यारांची पेटी घेऊन ते सोयराबाईंच्या घरी गेले. सुनेने, राजलक्ष्मीने, कॉफी पुढे केली. खंडोजींनी पेला उंच धरला आणि रीतीप्रमाणे ओठ न लावता वरून घशात ओतायला सुरुवात केली. मध्येच त्यांचा हात थांबला.

"अक्का, घरी पाणी कसं पिता तुम्ही?"

सोयराबाईंनी नजर चुकवली. राजलक्ष्मी म्हणाली, "असंच की अण्णा, वरून. उष्टं चालत नाही आमच्यात. पण मान मागे केली की सगळं नाकातून येतंय. लाज वाटतीय त्यांना, म्हणून जेमतेम घोटभर पितात, जेवणही टाकलंय."

खंडोजींनी कपाळावर हात मारला. जन्मभर स्वतः वरून प्यायले, आणि प्लेट तपासली ती मान खाली घालून कपाने पिताना! दुसरा कुणी असता तर गप्प बसून घरी गेला असता. खंडोजी सुनेसमोर म्हणाले, "चूक माझी आहे अक्का, तुमची नाही."

मग मेण ऊन करून त्यांनी प्लेटच्या मागच्या कडेला लावलं आणि सोयराबाईंना मान मागे टाकून गिळायला लावलं, एकदा नाही, वीसदा. घशाच्या हालचालीने मेणाला आकार येत गेला. प्लेट हॉस्पिटलात नेऊन त्या आकाराची पक्की कड त्यांनी संध्याकाळपर्यंत बसवली.

सोमवारी ऑपरेशनच्या खोलीबाहेर सोयराबाई उपाशीपोटी बसल्या होत्या. खंडोजींनी नवी कड असलेली प्लेट त्यांच्या तोंडात बसवली आणि पाण्याने भरलेला पेला पुढे केला.

"खंडोजी, आता पाणी दिलंत तर आजचं ऑपरेशन गेलं," डॉक्टर ओरडले.

"जाऊ दे, सर."

एवढी हिंमत त्यांनी वीस वर्षांच्या नोकरीत केली नव्हती. सोयराबाईंनी मान मागे टाकली, पेला उंच धरला आणि डोळे मिटून धार सोडली. पेला रिकामा झाला. नाक कोरडं होतं. डॉक्टर गुरुराज म्हणाले, "पंधरा दिवस थांबू, मग तो लाल कोपरा पुन्हा बघू."

ते सोयराबाईंना ऐकूही गेलं नसावं. त्यांनी पेला सुनेपुढे धरला होता.

"राजी, आणखी स्वल्प घाल ग."