ताईंच्या सतरा भेटी

लाखनीकडच्या एका लग्नात गिऱ्हेपुंजे ताई पंगतीला बसल्या आणि शेजारच्या पाटावर नेमका आमच्या ऑफिसला माल पुरवणारा नागपूरचा शेठ येऊन टेकला. पुढच्या शुक्रवारी नोटीस बोर्डावर कागद लागला: 'पुरवठादाराची भेट. ठिकाण, लग्नाचा मांडव. हजर, सारी पंगत. विषय, आलू-वांग्याची भाजी तिखट झाली.' खाली ताईंची सही. अख्खं ऑफिस पोट धरून हसलं. ताईंना मात्र त्यात हसण्यासारखं काय, हे कळेना. "बोलली न मी त्याच्यासंगं? मंग लिवाले नको?" असं म्हणून त्या आपल्या टेबलाकडे गेल्या.

आमचं ऑफिस तालुक्याच्या गावी आहे आणि काम तलावांचं. पाळ दुरुस्त करायची, गाळ काढायचा, गेट बसवायचं. गेट म्हणजे तलावाचं पाणी धानाला सोडायची लोखंडी झडप, गावात तिला तुडूम म्हणतात. ताई आमचं स्टोअर सांभाळत. नवरा नोकरीत असतानाच गेला, त्याच्या जागी अनुकंपेवर लागल्या. टपाल वाटण्यापासून सुरुवात केली आणि परीक्षा देत देत भांडारपाल झाल्या. एकोडीहून रोज एसटीने यायच्या, घरी थोडं धानाचं शेत. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. त्यावर कोणी काही विचारलं की एकच उत्तर. "जशी आली तशी जायची हाये, भाऊ. साहेबानं साऱ्यांसमोर एकडाव म्हटलं पायजे, का या बाईले डाग नाही. मले दुसरं काई नाई पायजे."

पुरवठादारांच्या भेटींचं ते परिपत्रक आलं त्याच सुमारास. बाहेरच्या कुठल्याही पुरवठादाराला भेटलात, ऑफिसात भेटा नाहीतर बाजारात, तर रजिस्टरात नोंद करा. कोण भेटलं, कुठे, कशासाठी. आणि दर शुक्रवारी त्या नोंदी लोकांना वाचायला बोर्डावर लावा. आम्ही अकराही जणांनी 'वाचलं' म्हणून सह्या ठोकल्या आणि चहाला गेलो. सरकारी माणूस परिपत्रक वाचतो ते पाळायला नव्हे, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. ताईंनी ते दोनदा वाचलं, कोऱ्या रजिस्टरला खाकी कव्हर घातलं आणि पट्टीने रकाने आखले. साहेब म्हणाले, "ताई, हे कोणी पाहत नसतं." ताई म्हणाल्या, "नसन पाहत. पन झाकला भात आंबते, साहेब."

हा 'झाकला भात' त्यांचा ठरलेला होता. कोणी काही लपवतंय असा वास आला की त्या तेवढंच बोलायच्या, आणि कान धरल्यासारखं व्हायचं. मलाही एकदा झालं. मी शहापूरहून रोज ये-जा करतो. एका सकाळी हायवेवरच्या टपरीवर मी तर्री-पोहे खात होतो, तर शेठची गाडी थांबली. तोही पोहे खायला बसला, मुलाबाळांची चौकशी केली, आणि उठता उठता म्हणाला, "भाऊ, आपल्या गेटच्या नमुना तपासणीची फाइल जरा सरकवा न, लय दिवस झाले." एवढंच. मी सरकवली. माझ्या टेबलावर पडूनच होती, सरकवण्यात माझं काय जात होतं? दुपारी डबा खाताना बोलण्याच्या ओघात ताईंना सांगून बसलो.

ताईंनी घास खाली ठेवला. "लिवलं का?"

"पोह्यांचं काय लिहायचं, ताई?"

"पोह्याचं नका लिवू. फाइलीचं लिवा. आताच लिवून टाका, भाऊ, जेवन राहू द्या."

मी "लिहितो" म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही "लिहितो" म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही आणि मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मग गेटं आली. ताईंनी एकेक उघडून पाहिलं. पाणी अडवायला कडेनं जे रबर असतं ते नखाने दाबलं तर तडकत होतं. त्यांनी शेठला बोलावलं आणि माल उचलून न्यायला सांगितलं. तो हसून गेला. पुन्हा बोलावलं. तो कधी माणूस पाठवी, कधी स्वतः येई, 'होऊन जाईल ताई' म्हणे आणि निघून जाई. दर खेपेला ताई नोंद करत होत्या: 'रबर खराब. माल परत न्यावा म्हणून सांगतलं. नेला नाही.' दर शुक्रवारी कागद बोर्डावर लागे. येता-जाता आम्ही तो वाचत होतो. शेवटी पाऊस तोंडावर आला, वरून फोनवर फोन यायला लागले, आणि साहेबांनी तीच गेटं बसवायला लावली. ताई केबिनमध्ये जाऊन भांडल्या. बाहेर येऊन टेबलाशी बसल्या. "मी सांगतलं. आता आपून कोन?" एवढंच म्हणाल्या.

कोंढ्याकडच्या एका तलावाच्या गेटचं रबर, धान ऐन पोटरीवर, लोंबी बाहेर पडायच्या बेतात असताना फाटलं. तीन दिवसांत तलाव रिकामा. शेवटचं पाणी ज्या धानाला हवं होतं, ते उभ्या उभ्या वाळलं. तिथली माणसं ऑफिसात आली, ओरडली नाहीत, नुसती व्हरांड्यात बसून राहिली. त्यांच्याकडे पाहण्याची आमची कोणाची छाती झाली नाही. आठ दिवसांत चौकशी अधिकारी आला. पुरवठादाराशी साटंलोटं कोणाचं, हे त्याला शोधायचं होतं. त्याने भेटींचं रजिस्टर मागवलं. सगळ्या रजिस्टरात एकाच माणसाचं अक्षर होतं. लग्नातली पंगत धरून शेठच्या सतरा भेटी, आणि सतराच्या सतरा ताईंच्या.

जबाब घेताना आम्ही सगळे त्याच खोलीत भिंतीला लागून बसलो होतो.

"सतरा वेळा भेटलात?"

"भेटली, साहेब. कायले भेटली तेबी लिवलं हाये. वाचा न."

"वाचलं. पण भेटलात ना? इथले बाकीचे कोणी एकदाही भेटले नाहीत. तुम्हीच का भेटत होतात?"

ताईंनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. खरं बोलणाऱ्या माणसाला असल्या प्रश्नाचं दुसरं उत्तर ठाऊक नसतं. मग अधिकाऱ्याने विचारलं, "दुसरं कोणी भेटत होतं का त्याला?" ताईंना माहीत होतं. टपरी, पोहे, फाइल, सारं माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी माह्या भेटी लिवल्या. दुसऱ्याच्या दुसऱ्यानं सांगाव्या."

मग त्याने आम्हाला एकेकाला विचारलं. साहेब नाही म्हणाले. हेडक्लार्क नाही म्हणाला. साहेबांच्या केबिनमध्ये शेठ किती वेळा बसला, ते शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. माझी पाळी आली. मला दोन मुली आहेत, घर बांधायला काढलं आहे, नोकरीची तेरा वर्षं उरली आहेत. हे सगळं त्या एका क्षणात आठवलं, आणि मीही "नाही" म्हणालो. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

ताई निलंबित झाल्या. इथल्या एका पेपरात 'बाईच्या सतरा भेटी कशासाठी?' असं छापून आलं. विधवा बाई आणि नागपूरचा शेठ, लोकांना चघळायला आणखी काय लागतं? तिकडे एकोडीच्या एसटीत बाया कुजबुजायच्या, तर ताईंनी एसटीच सोडली. साहेबांनी आम्हाला सांगून टाकलं, चौकशी संपेपर्यंत त्यांच्याशी कोणी संबंध ठेवायचा नाही, उगाच लफड्यात पडाल. कोणी ठेवला नाही. हिवाळ्यात त्यांची निवृत्तीची तारीख आली आणि गेली. चौकशी चालूच होती, म्हणून निरोप समारंभ नाही, शाल नाही, फोटो नाही. त्या संध्याकाळी सगळे वेळेवर घरी गेले. मीही गेलो.

महिनाभराने एका रविवारी माझ्याने राहवेना. साकोलीत एक शाल आणि नारळ घेतला आणि एकोडीला गेलो. ताई अंगणात सुपात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. वाळल्या होत्या फार. मला पाहून सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं, माझ्या मुलींची नावं घेऊन विचारपूस केली. मला जबाबातल्या त्या 'नाही'बद्दल बोलायचं होतं. नुसती शाल पुढे केली.

त्यांनी घडी उलगडली, पोत पाहिला. "ऑफिसातून पाठवली?"

"नाही, ताई. माझ्याकडून."

त्यांनी शाल पुन्हा घडी घालून मांडीवर ठेवली. मग हळूच विचारलं, "तुमी इथं मले भेटाले आले, हे ऑफिसात सांगून आले का, भाऊ?"

मी मान खाली घातली. "नाही."

मला वाटलं, आता तो आंबलेला भात निघणार. निघाला असता तर ऐकून घेतला असता. ताई उठल्या. आत गेल्या, चहा केला, मी पिईपर्यंत समोर बसल्या. मी उठलो तसा त्यांनी हाताने मला थांबवलं. "थांबा जराक." पदर सावरून त्या रस्त्यापर्यंत गेल्या, एसटी थांब्याकडे पाहिलं, दुकानाच्या ओट्याकडे पाहिलं, आणि परत येऊन दबक्या आवाजात मला म्हणाल्या, "निंगा आता. ओळखीचं कोनी नाई."