दोन पुड्या आणि एक तांबडं फूल

माझी पीएचडीची संस्था एका कण्हेरीच्या फुलानं निवडली. हे मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे.

तंजावूरच्या आमच्या मराठी घरात मी एकटाच ख्रिस्ती. अम्मानं ते माझ्या जुन्या सर्दीसारखं चालवून घेतलं होतं. बस स्टँडवर उभा राहून मी शकुन-अपशकुनांविरुद्ध पत्रकं वाटतो (उरलेल्या पत्रकांत घरी केळ्याचे चिप्स बांधले जातात!). धर्मशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी मला दोन ठिकाणी जागा मिळाली होती, पुण्यात आणि बेंगळूरूला. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. मला पुणंच हवं होतं. निदान रिक्षावाल्याशी आपल्या भाषेत भांडता आलं असतं!

"देवीपुढे पानांच्या दोन पुड्यांत फुलं बांधून एक उचलू," अम्मा म्हणाली. "पांढरं आलं तर पुणे, तांबडं आलं तर बेंगळूरू."

"अम्मा! सुवार्तेच्या सेवकाचं भवितव्य फुलं ठरवणार?"

"तुमच्यातही चिठ्ठ्या टाकूनच बारावा शिष्य निवडला म्हणे," अप्पा झोपाळ्यावरून म्हणाले. "तुझ्याच पत्रकात वाचलं. चिप्स खाताना."

मी पेटलो. या अंधश्रद्धेचा आज देवघरातच पंचनामा! पुड्या मीच बांधायला घेतल्या. तांबडं फूल गुपचूप केरात टाकलं आणि दोन्ही पानांत पांढरंच बांधलं. पुणे आलं की जाहीर करायचं, बघा, तुमच्या देवीला मी फसवलं! मग ओसरीवर जाऊन शेजारच्या मामांना विवेकावर भाषण दिलं.

भर दुपारी सगळे देवघरात जमलो आणि करंट गेला. पंखा कुरकुरत थांबला. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, तरी समईची ज्योत एका अंगाला झुकली. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, डोळे मिटून एक पुडी उचलली, सोडली.

तांबडं.

"शक्य नाही!" मी दुसरी हिसकावून सोडली.

त्यातही तांबडं!

"केरात दिसलं रे, म्हणून मी परत बांधलं," अम्मा हळूच म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तूच दोन्ही..."

"दोन्ही कुठली? तांबड्या कण्हेरीला आज एकच फूल होतं."

मी झोपाळेवाल्यांकडे वळलो.

"अप्पा?"

"सकाळपासून झोपाळ्यावरून उठलोय का मी?"

"अक्का?"

"माझ्याकडे काय बघतोस? मला तर तू पुण्यालाच जायला हवा होतास. लांब!"

देवीच्या तसबिरीमागे पाल चुकचुकली.

"पाल बोलली," अम्मा म्हणाली. "म्हणजे आत्ता अक्का बोलली ते खरंच."

मी अंगणात धावलो. तांबड्या कण्हेरीवर कळीसुद्धा नव्हती.

दिवस मावळायच्या आत मी बेंगळूरूला होकार कळवून टाकला. (नेट धीमं होतं म्हणून घाई केली, एवढंच!)

तिथं पहिल्याच दिवशी मार्गदर्शकांनी विचारलं, "आमचीच संस्था का निवडलीत?"

"पुष्कळ प्रार्थना करून, विवेकानं," मी ताठ मानेनं म्हणालो आणि नकळत भिंतीकडे पाहिलं. तिथं एक जाडजूड पाल होती. मी तिच्याकडे मोठ्या आशेनं बघत राहिलो.

ती बोलली नाही.