चूलबंद लिंक

बाबूजींचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, व्हिडिओ फक्त एका माणसाने पाहावा, एवढीच त्यांची अट होती. त्या एका माणसाला सोडून तो साऱ्या आंधळगावाने पाहिला. ही कामगिरी माझी. मी मोहाडीला मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको.

तो एक माणूस म्हणजे माझी धाकटी बहीण सुनंदा. नऊ वर्षांपूर्वी तिने आपल्या पसंतीने लग्न केलं आणि रायपूरला निघून गेली. तिच्या लग्नासाठी बाबूजींनी स्वतःच्या मागावर विणलेली कोसा रेशमाची साडी पेटीत बंद झाली. "मले पोरगी नाही," असं त्यांनी गावाला ताठ मानेने सांगून टाकलं. त्या दिवशी मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो, म्हणून सुनंदाने माझ्याशीही बोलणं सोडलं. नंबर बदलला. माझ्याकडे तिचा फक्त एक जुना ईमेल उरला.

गेल्या दिवाळीनंतर बाबूजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्याच दिवशी त्यांनी मला मागापाशी बोलावलं.

"बाबू, माहा व्हिडिओ काढ. सुनंदाले पाठवाचा हाये."

"नंबर शोधतो ना कुठून तरी. फोनवरच बोला."

"फोनवर तीबी बोलन. मंग मले आयकावं लागन." थोडा वेळ ते मागाच्या लाकडावरून हात फिरवत राहिले. "पन तिलेच दिसला पायजे. गावानं पायला त मी तोंड कुठी लपवू?"

व्हिडिओ चार मिनिटांचा झाला. पहिली तीन मिनिटं बाबूजी खोकले, टोपी सारखी केली आणि "चालू झालं का?" असं मला पाच वेळा विचारलं. मग एकदम म्हणाले, "सुनंदा, मी चुकलो. साडी अजून पेटीत हाये. एकदा नेसून दाखव, माय." आणि रडले. माझ्या बापाला मी जन्मात पहिल्यांदा रडताना पाहिलं. मी तोंड फिरवलं आणि मोबाइल वर कलंडला. (चौथ्या मिनिटात बाबूजींपेक्षा छताची कौलं जास्त दिसतात.)

आता हा इंटरनेटवर ठेवायचा कुठे? एका ठिकाणी व्हिडिओच्या आधी सिमेंटची जाहिरात लागत होती. बापाच्या माफीआधी सिमेंट मला बरं दिसेना. दुसऱ्या ठिकाणी तीन पर्याय होते: सगळ्यांसाठी, लिंक असणाऱ्यांसाठी आणि फक्त बोलावलेल्यांसाठी. मी मधला निवडला आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडतो का ते बघायला लिंक बायकोला, मालतीला पाठवली. उघडला. तरी जिवाला घोर लागला. म्हणून फक्त बोलावलेल्यांसाठीच्या जागी पुन्हा चढवला, पासवर्ड घातला, वर सुरक्षेसाठी एक प्रश्न ठेवला आणि सुनंदाच्या ईमेलवर निमंत्रण धाडलं. मोबाइलमधला मूळ व्हिडिओही पुसला. इतक्या गडबडीत मधल्या पर्यायातला पुसायचा तेवढा राहिला.

आठवडा गेला. बाबूजी रोज सकाळी विचारत, "पायला का तिनं?" मी म्हणे, "पाहील." एक दिवस सहज त्या मधल्या पर्यायात डोकावलो, तर खाली लिहिलेलं: दोनशे चौदा वेळा पाहिला गेला. मी तडक स्वयंपाकघरात जाऊन मालतीला विचारलं.

"शेवंताकाकू बसल्या होत्या बाजूले," मालती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "शेजारच्या माणसापासून लपवू का? मंग धाकल्या जावेले नाही दाखवला, त ती रुसन."

"आणि बाकीचं गाव?"

"एका घरी देली न दुसऱ्या घरी नाही, असं करता येते का जी? चूलबंद द्या लागते."

चूलबंद म्हणजे आमच्याकडचं लग्नाचं पक्कं आवतण. त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. माझी लिंक मालतीने याच रीतीने वाटली होती. गुप्तताही पाळली होती. प्रत्येक घरी वेगळं जाऊन सांगितलं होतं, "फक्त तुमालेच दाखवून राहिली."

मी तो व्हिडिओ तिथल्या तिथे पुसला, पण उशीर झाला होता. बाबूजी तेव्हा दाढी करायला गेले होते. दुकानातल्या गणपतने वस्तरा थांबवून म्हटलं, "बरं केलं काका. मलेबी रडू आलं जी." बाबूजी अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले.

"कोनं दाखवला?"

मालतीचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. गप्प बसून मी एकदा सुटलो होतो, त्याची नऊ वर्षं लाज वाटत आली आहे. म्हटलं, "चूक माझी." बाबूजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. उरलेली दाढीही केली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने सुनंदा आली. सात वर्षांची मुलगी बोटाला धरलेली. मागापाशी बसलेल्या बाबूजींपुढे ती येऊन उभी राहिली.

"बाबूजी, दाढी अर्धीच काहून?"

बाबूजींनी कमरेची किल्ली काढली आणि पेटीकडे बोट केलं.

व्हिडिओ तिने पाहिलाच नव्हता. तो ईमेल तिने केव्हाच बंद केला होता. पण अकरा बायकांनी तिला फोन करून सांगितलं होतं, "तुहे बाबूजी रडून राहिले, ये." तिचा नंबर नऊ वर्षं अर्ध्या गावाकडे होता. फक्त आमच्या घरात नव्हता, आणि आम्ही घाबरत होतो ते गावाला.

साडी नेसून ती बाहेर आली. बाबूजींनी पदर डोळ्यांजवळ नेऊन निरखून पाहिला. मग ती म्हणाली, "दादा, आता तो व्हिडिओ दाखव."

पासवर्ड मला आठवेना. सुरक्षेच्या प्रश्नाला मी जास्तीच्या सुरक्षेसाठी खोटं उत्तर देऊन ठेवलं होतं. तेही आठवेना.

"राहू द्या जी," मालती म्हणाली. "शेवंताकाकूले बोलावते. तिले तोंडपाठ हाये."

शेवंताकाकू आल्या, पाटावर बसल्या आणि त्यांनी चारही मिनिटं करून दाखवली, खोकला आणि टोपीसकट. बाबूजी स्वतः मान डोलावत होते. चौथ्या मिनिटाला मात्र काकू बोलता बोलता मान वर करून छताकडे बघत बसल्या, कारण मी तेवढंच टिपलं होतं.