हिमेजीच्या दारात राहिलेले बूट

परदेशात, पापाटोएटो उपनगरात किराणा दुकान चालवणाऱ्या सुचित्राताईंना काळजी करायला कारण लागत नसे. लेकीची ट्रेन जरा लांबली की त्या फाटकाशी येऊन उभ्या राहत. त्यांची इरावती सुतारकाम शिकलेली. आता तिला जपानमध्ये, जुन्या लाकडी इमारती दुरुस्त करणाऱ्यांकडे वर्षभर काम मिळत होतं. "तू हो म्हणालीस तरच जाईन," असं तिने सांगितलं होतं. सुचित्राताई ना हो म्हणत होत्या, ना नाही. शेवटी लेक त्यांनाच सुट्टीत तिकडे घेऊन गेली.

हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला समोर दिसत होता, पण वाट तिकडे जाईचना. दरवाजा, वळण, पुन्हा दरवाजा; मध्येच किल्ला पाठीमागे जायचा.

"चुकलो गं आपण."

"दॅट्स द पॉइंट, आई. शत्रू चुकावा म्हणून."

बालेकिल्ल्याच्या दारात सगळे बूट काढत होते. सुचित्राताईंनीही काढले, भिंतीशी नीट जोडून ठेवले. आतला जिना शिडीसारखा उभा. इरावती वरून हात देत होती. एका भल्याथोरल्या खांबापाशी ती थांबली. दोन झाडं एकमेकांत बसवून तो एकच खांब केला होता. सांधा कुठे ते सांगताना तिचा आवाज देवघरात होतो तसा हळू झाला.

बाहेर पडल्या ते दार वेगळंच होतं. बाकीचे पिशवीतून बूट काढून घालत होते. सुचित्राताई मोज्यांवर उभ्या.

"आई, पिशवी दिली होती ना?"

"देवळात कोणी चपला बरोबर घेऊन हिंडतं का?"

इरावतीला हसू आवरेना. "स्टे हिअर, ओके? हलू नकोस." हे वाक्य आजवर सुचित्राताईंचं होतं.

लेक रखवालदाराकडे गेली, वाकली, अडखळत जपानी बोलू लागली. म्हाताऱ्याला कळेना. तिने हातांनी बूट काढून दाखवले, मग मोजे, मग आई. दोघंही हसली. त्याने फोन लावला. थोड्या वेळाने आतून एक बाई बूट घेऊन आली आणि लेक पुन्हा वाकली.

सुचित्राताईंना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. तेवढा वेळ काळजी करायचीही राहून गेली होती.

नाडी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "वर्षभरासाठी आपल्या दुकानातला गोडा मसाला किती बांधून देऊ तुला?"



"हीप्स! ढीगभर," इरावती म्हणाली.