सील न तुटलेलं रंधा मशीन

मोठे काका हातात रंधा मशीन घेऊन हत्यारांच्या दुकानदाराच्या अंगावर धावून गेले, अशी गल्लीभर बोंब आहे. साफ खोटं. मशीन चालू असतं तर धावलेही असते. ते बंद पडलं होतं, म्हणून तर दुकानात गेले होते.

काका सुतार. नवं मशीन आलं रे आलं की स्क्रू काढायचे, आतलं ग्रीस पुसायचं आणि आपलं भरायचं, ही त्यांची खोड. "कंपनीच्या ग्रीसवर भरवसा ठेवू? मी काय वेडा आहे?" आणि त्याच कंपनीची वाढीव वॉरंटी मात्र दर वेळी विकत घ्यायची!

दुकानदाराने मशीन उलटंपालटं केलं. "काका, स्क्रूवरचं सील तोडलंत. वॉरंटी गेली."

"तोडलं म्हणजे? ग्रीस घातलं! तुमचंच काम केलं!"

"मग वॉरंटीही तुम्हीच द्या की." दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली.

घरी काकूने मीठ चोळलं. "डॉक्टरांनी पोटाला घातलेले टाके तेवढे कसे नाही उसवून बघितले?"

पण हसण्यावारी नेऊन भागणार नव्हतं. दवाखान्याच्या कपाटांचं काम हाती होतं, कितीतरी दिवसांनी मिळालेलं मोठं काम. नवं मशीन घेणं भाग. वाढीव वॉरंटी घ्यावी, तर हात बांधले जाणार. न घ्यावी, तर जीव टांगणीला. शेवटी घेतलीच.

मी त्यांची पुतणी. त्यांच्याच सुरात म्हटलं, "भरवसा ठेवू? मी काय वेडा आहे? लावा पैज काका, काम संपायच्या आत उघडणार तुम्ही."

"नाही उघडलं, तर माझी नक्कल कायमची बंद!"

"कबूल."

कपाटांची निम्मी दारं झाली आणि मशीन कुरकुरायला लागलं. काकांना आवाजावरूनच कळलं, गिअर कोरडा पडलाय, बोटभर ग्रीस हवं. स्क्रूड्रायव्हर उचलला, सीलवर टेकवला, माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवला. कुरकुरीची किरकिर झाली, किरकिरीची किंकाळी, मग धूर.

दुकानदाराने सील निरखलं. "वा काका, शहाणे झालात! एकदम फुकटात दुरुस्त. कंपनीकडे पाठवतो, दीडेक महिना धरा."

"अहो, दुसरं विकत घ्या," काकू म्हणाली.

"दुसरं घ्यायचं तर ह्याची वॉरंटी कशाला घेतली?"

धाकट्या भावाच्या कारखान्यात, अगदी समोर, तसलंच मशीन घरघरत होतं. पण त्याच्याकडे मागायचं म्हणजे नाक कापून हातात देणं. दवाखान्याने थोडी वाट पाहिली आणि काम त्या भावालाच दिलं. म्हणजे माझ्या बाबांना.

बाबा अर्धवट दारं न्यायला आले, तेव्हा काका कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभे राहिले. पाठ दारांकडे.

"उघडलं का मी? बोल ना, उघडलं?"

"नाही, काका."

"मग?"

हरले मी. तेव्हापासून त्यांची नक्कल बंद. लिहायचं नाही, असं मात्र ठरलं नव्हतं.