आईएवढा तांदूळ

माझ्या नवऱ्याचं पहिलं प्रेम कोण, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडत नाही. ते पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झोपतं. दोनच सीटची जुनी स्पोर्ट्स कार, वयानं आम्हा दोघांहून मोठी. खालापूरकडच्या एका फार्महाउसवर तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. तिथून त्यानं ती आणली, खपून खपून चालती केली आणि लालभडक रंगवली. तिला पुसायला एक वेगळं मऊ फडकं आहे, त्याला हात लावायची मला मनाई आहे.

एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण त्याला गाडी ‘बसलेली’ हवी होती. म्हणजे मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड टाकायच्या, टायर रुंद घालायचे आणि गाडी जमिनीला टेकायची तेवढी बाकी ठेवायची. कर्जतचे गतिरोधक ज्यानं जन्मभर खाल्लेत त्यानं हे करावं! हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते.

टायर आणि वरच्या मडगार्डची कड यांच्यात दोन बोटं जागा उरली. रोज सकाळी चहाच्या आधी तो तिथे बोटं घालून बघायचा. देवपूजा नसलेल्या आमच्या घरातला हा एकच नित्यनेम. मी शेजारी बसले की दोनाचं दीड बोट व्हायचं. सासूबाई बसल्या तर काय होईल, हे मात्र त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

सासूबाई अंगानं भरभक्कम. रसायनीच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं पोळ्या लाटल्या, टेंपोत उभ्यानं गेल्या-आल्या आणि एकटीनं हा मुलगा वाढवला. त्यांची धाकटी बहीण मोहोपाड्याला असते. तिच्या मुलानं मोठी नवी गाडी घेतली तेव्हा सासूबाईंना तिच्यात बसवून फिरवलं होतं. उतरताना या ऐटीत म्हणाल्या होत्या, “माझा पोरगा बी आणील मला त्याच्या गाडीतनं.” आता तिकडे बहिणीच्या नातवाचं बारसं ठरलं होतं, आणि यांनी इस्त्रीची साडी बाहेर काढून ठेवली होती.

नवऱ्यानं त्यांच्याच अंगाच्या एका मित्राला बसवून पाहिलं. पहिल्याच गतिरोधकावर डाव्या मागच्या चाकातून कर्रर्र आवाज आला. टायर मडगार्डच्या कडेला घासत होता. त्या दिवसापासून आईनं गाडीचं नाव काढलं की बॅटरी उतरायची, नाहीतर इंजिन तापायचं. आईला वजनाचं सांगायची छाती त्याच्यात नव्हती. माझ्यात होती, पण मला त्यानं शपथ घातली.

मग त्यानं ती कड आतून ठोकून दाबली, आणि आता घासतं का ते बघायला आईएवढं वजन हवं म्हणून घरच्या तांदळाची पन्नास किलोची गोणी शेजारच्या सीटवर बसवली, आणि दुसरी अर्धी भरलेली गोणी तिच्या मांडीवर. पट्टासुद्धा लावला. अशी ती जोडी चार फाट्याच्या नाक्यापर्यंत जाऊन आली. तरीही घासलंच.

सासूबाई ओट्यावरून सगळं बघत होत्या. संध्याकाळी इस्त्रीची साडी परत कपाटात गेली.

“मी एस्टीनं जाईन,” भेंडी चिरता चिरता त्या मला म्हणाल्या. “तांदळाला पट्टा बांधून फिरिवतो गं. मला न्यायचं म्हटलं की बॅटरी बसते. लाज वाटत आसंल. कँटीनवाली बाई त्या गाडीत कशी दिसंल?”

मला भयंकर वाईट वाटलं आणि नवऱ्याचा त्याहून भयंकर राग आला. शपथ गेली उडत.

“आई, ती गोणी म्हणजे तुम्हीच होतात,” मी म्हणाले, आणि दोन बोटं, टायर, कड, सगळं सांगून टाकलं.

सुरी थांबली. “किती गोणी?”

“दीड.”

त्यांनी जरा विचार केला. “पावणेदोन घ्यायची. बारशाचं जेवून परत बी यायचंय.”

मग त्यांनी मुलाला हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला. “हे बग, मी काय आता कमी होनार नाय. गाडी वर होते का?”

“होते. पण मग ती तशी दिसत नाय.”

“कशी?”

मूळच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा घरातच होत्या. त्यानं फेकल्या तेव्हा सासूबाईंनीच उचलून एक पाण्याच्या माठाखाली आणि दुसरी कोरफडीच्या कुंडीखाली ठेवली होती. त्यांनी स्वतः माठ खाली उतरवला.

स्प्रिंगा बसल्या. पुढून बसकी, मागून उंच अशी गाडी आता कुणाच्या तरी पाया पडायला वाकल्यासारखी दिसू लागली. नवऱ्याचे गाडीवेडे मित्र पोट धरून हसले. तो सुतकी चेहऱ्यानं हिंडत राहिला.

बारशाच्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून सासूबाईंना गाडीत बसवलं. त्या गाडीत चढत नाहीत, विहिरीत उतरावं तसं उतरतात. तिसरी सीट नसल्यामुळे मी बाळाची झबली घेऊन मागून स्कूटरवर निघाले. वाटेतल्या चौक गावापर्यंत प्रत्येक गतिरोधकाला माझी नजर त्या डाव्या चाकावर होती. कुठेही आवाज आला नाही.

मोहोपाड्याला अख्खी बिल्डिंग खाली आली. मावशींनी गाडीला एक चक्कर मारली आणि नेमकं विचारलं, “मागनं येवढी वर का गं उचललीय?”

नवऱ्याचं तोंड उतरलं. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या. टायर आणि मडगार्ड यांच्या मधे त्यांनी सगळा पंजा आत घातला.

“ही बग, ही माझी जागा हाय. पोरानं केली.”

हात काळाकुट्ट होऊन बाहेर आला. नवऱ्यानं सीटमागून ते मऊ फडकं काढलं आणि मान वर न करता एकेक बोट धरून आईचा हात पुसत राहिला.